बारा ग्रॅमचा कागद

"गुन्हेगाराने श्वास घ्यायच्या आत मी त्याची जन्मतारीख सांगतो," असं तिचे यजमान रोज दाढी करताना आरशाला बजावत. आरसा बिचारा ऐकून घेई. व्हिजिटिंग कार्डावर 'सूक्ष्मदृष्टी, खाजगी गुप्तहेर' असं छापलेलं होतं, आणि त्याखाली 'जड खोक्याच्या प्रकरणाचा छडा लावणारे'. सुटलेलं तेवढं एकच प्रकरण. चष्मा मात्र त्यांचा रोज हरवे आणि रोज तीच शोधून देई.

ती धाकट्या भावाच्या कारखान्यात पॅकिंग सांभाळायची. टाकी भरली की पंप बंद करणारी डबी तिथे बनायची. महिन्यापूर्वी या डबीबद्दल कुणाची तरी तक्रारीची ईमेल आली आणि भावाने ती छापून भावोजींकडे सोपवली. त्यांनी ती 'अतिगोपनीय' म्हणून खिशात घातली. बायकोलाही दाखवली नाही.

ईमेलमध्ये उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत होती. एकोणतीस तपासात गेले.

"टाईप करणाऱ्याचा डावा अंगठा दुखतोय," सूक्ष्मदृष्टी भिंग सरसावत म्हणाले. "आणि हा माणूस वस्तू फुकट देऊन वर कागद मागतो. सरळ सरळ खंडणी!"

"अहो, कागदाची कसली खंडणी?" ती हळूच म्हणाली.

"तू खोकी भर."

तिसाव्या दिवशी त्यांनी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या इंजिनिअर मुलीला पॅकिंगच्या खोलीत उभं केलं. भाऊ हाताची घडी घालून बसला होता. मुलगी चोर ठरली की तिला आजच घरी पाठवायचं, हे त्याने ठरवून टाकलं होतं.

"डबीतला प्रोग्रॅम तू दुसऱ्याचा घेतलास?"

"हो."

"कबुली! सराईत आहे."

"अहो काका, ज्याने तो लिहिला त्यानेच सगळ्यांना वापरायला दिलाय. अटी दोनच. डबीबरोबर त्याच्या लायसन्सची प्रत द्यायची आणि आपण केलेल्या बदलांसकट सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, मागेल त्याला द्यायचा. बघा, तुमच्या हातातल्या या ईमेलमध्ये तेच तर लिहिलंय! खोक्यात कागद नाही म्हणतोय तो." मुलीने खोक्यांकडे बोट दाखवलं. "मी पत्रक करून, छापून पॅकिंगला दिलं होतं."

सूक्ष्मदृष्टींनी गर्रकन बायकोकडे भिंग वळवलं. "म्हणजे तू!"

तिने शांतपणे चिकटपट्टी खाली ठेवली. भिंतीवर 'खोक्यात काय काय घालायचं' ही यादी लावलेली होती. तिने सहाव्या ओळीवर बोट ठेवलं.

"लायसन्सचं पत्रक. रद्द. कारण, वजन बारा ग्रॅम आणि वाचत कोणी नाही," तिने वाचून दाखवलं. "जांभळी शाई. खाली भिंगाचा शिक्का. अहो, हा शिक्का ओळखीचा वाटतो का?"

खोकं हलकं करून कुरियरचा खर्च वाचवल्याबद्दल स्वतःच दिलेल्या, भिंतीवरच्या 'जड खोक्याच्या प्रकरणा'च्या प्रशस्तिपत्रकाकडे भावाने एकदा पाहिलं, मग भावोजींकडे.

"मी पहिल्यापासून म्हणत होतो," सूक्ष्मदृष्टी घसा खाकरून म्हणाले, "गुन्हेगार घरातलाच आहे."

"ताई, ते कागद टाकून दिलेस?" भावाने घाईने विचारलं.

"लिहिलेला कागद कसा टाकू रे? टेबलाखाली गठ्ठे आहेत. कापडात बांधून ठेवलेत."

भावाने मुलीची माफी मागितली, अगदी उठून उभं राहून. मुलीने तक्रारदाराला सोर्स कोड तासाभरात पाठवला आणि विकलेल्या डब्यांच्या पत्त्यांची यादी काढायला बसली. तयार असलेल्या सहाशे खोक्यांत पत्रक घालायचं काम कुणाकडे द्यायचं, यावर चर्चा झाली नाही. सूक्ष्मदृष्टींनी बाह्या सरसावल्या.

संध्याकाळी तक्रार करणाऱ्या त्या भल्या माणसाचं उत्तर आलं, 'आता सगळं नियमात आहे, आभार.' मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

गाडी भरायच्या आधी सूक्ष्मदृष्टींच्या बायकोने सवयीने एक खोकं काट्यावर ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं.

"अहो, पत्रकाचे बारा ग्रॅम समजले. वरचे दोन कुठून आले?"

सूक्ष्मदृष्टी छताचं निरीक्षण करू लागले.

तिने खोकं उघडलं. पत्रकाला बिलगून एक व्हिजिटिंग कार्ड होतं.

"मागेल त्याला माहिती द्यावी, असंच ना ते लायसन्स?" ते पुटपुटले.

"मागेल त्याला," ती म्हणाली आणि चिकटपट्टी कापायची कात्री त्यांच्या हातात दिली. "पाचशे नव्व्याण्णव राहिलीत."