तात्यांनी मोटार हळू केली

माणूस किती मैलांचा आहे, हे आमचे शेजारी हिंदुरावतात्या पहिल्या भेटीतच ठरवून टाकत. मैल म्हणजे मोटारीच्या वेगाचे. बारामतीला नवीन मामलेदार आले, तात्या त्यांना भेटून आले आणि म्हणाले, "पंचविसाचा हाय गडी. चढाला बंद पडंल." पोस्टमास्तर बाराचे. मी गणपत, शेजारचा पिठाच्या गिरणीवाला, तर आठाचा. त्यातही माझी दुपारची झोप धरलेली नव्हती. स्वतः तात्या किती मैलांचे, हे कुणी विचारत नसे. मोटारीच्या काट्यावर ऐंशीच्या पुढं आकडाच नव्हता, म्हणून ते ऐंशीचे.

कालव्याच्या पाण्यावर तात्यांची लिंबू-पेरूची बाग होती. संस्थानं विलीन झाली तेव्हा कुठल्याशा राजेसाहेबांचा पसारा लिलावात निघाला. तात्या गेले बैल बघायला आणि घेऊन आले शर्यतीची मोटार. तांबडी, लांब नाकाची. पुढं दोघांना जागा आणि मागं डिकीचं झाकण उघडलं की एकाला उघड्यावर बसायची सोय. ती शिक्षा बहुधा मलाच व्हायची. उपरणं फेट्यावरून घेऊन हनुवटीखाली बांधलं, की तात्या इंदापूर रस्त्याला लागत. मग शेळ्या, कोंबड्या, सायकलवाले सगळे कडेला. एखादे दिवशी एसटी पुढं गेली तर त्या दिवशी जेवण गोड लागत नसे. "पळनारं जनावर हाय हे," ते म्हणत, "ह्याला चालवायचं न्हाय, पळवायचं!"

या जनावराला एकच गोष्ट जमत नव्हती, ती म्हणजे चढ.

तात्यांना एकच लेक, हौसा. तिची आई ती लहान असतानाच गेली. तात्यांच्या बहिणीनं, म्हणजे आत्याबाईंनी, तिला वाढवली. दिली होती वरकुट्याला. गावाच्या अलीकडं एक ओढा आहे. आपल्या बाजूनं उतार सोपा, पण पलीकडं उभी दरड. पहिल्या वेळेला हौसाला बाळंतपणाला आणायचं होतं. तिला भाऊ नव्हता, म्हणून मुराळी होऊन तात्या स्वतःच गेले. मोटार दरडीवर गुदमरून बंद पडली. तात्या ओढ्यातच थांबले आणि सासरच्यांनी हौसाला बैलगाडीतून खाली आणायला घेतलं. वाटेत चाक चाकोरीतून उसळलं, पोर आपटली आणि पोटातलं गेलं. त्यावर तात्या कधी बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. असलं काही विचारायचं तरी कसं?

आता हौसाला पुन्हा दिवस गेले होते. बारामतीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या खेपेला पोरीला लवकर इकडं आणून ठेवा. आणि व्याह्यांचा निरोप आला, "सून बैलगाडीत बसनार न्हाय. मोटार दाराम्होरं आली तर घिऊन जा. आठवा लागला की मग कुनीबी या, धाडनार न्हाय." मला पहिल्यांदा राग आला. मग वाटलं, त्यांचं तरी काय चुकलं?

"कुणाची तरी जीप मागून आणा की," मी म्हटलं.

"जीपमधी? हाडं खिळखिळी करती ती. त्यापरीस बैलगाडी बरी."

तात्यांनी इस्माईल मिस्त्रीला बोलावलं. मोटारीच्या मागच्या धुऱ्याच्या मधोमध एक लोखंडी भोपळा असतो, त्याला डिफरन्शल म्हणतात. त्यातलं दात्यांचं थोरलं चाक कमी दात्यांचं असलं की गाडी पळते, जास्त दात्यांचं असलं की ओढते. याच कंपनीची, उतारू वाहणारी एक जुनी सर्व्हिस मोटार इंदापुरात मोडीत पडली होती. तिच्यातली चाकं यात बसतील, असं मिस्त्री म्हणाला. "पण तात्या, पळनं जाईल. चाळीसच्या वर गाडी रडंल."

तात्या बराच वेळ मोटारीभोवती फिरले. तिच्या नाकावरून हात फिरवला, ओट्यावर जाऊन बसले, पुन्हा उठले. इतकी वर्षं ज्या गोष्टीवर मिशीला पीळ दिला ती जायची होती. मग म्हणाले, "काढ." बास, एवढंच.

आठवडाभर अंगणात ग्रीसचं राज्य होतं. भोपळा बंद झाला, मोटारीला हार घातला, तात्यांनी पुढं नारळ फोडला आणि ऐटीत पहिला गिअर टाकला. मोटार सुर्रकन मागं गेली आणि कडब्याच्या गंजीत घुसली! दुसरा टाकला, आणखी आत. मिस्त्रीनं थोरलं चाक उलट्या अंगाला बसवलं होतं. सगळे पुढचे गिअर मागं नेत होते आणि मागचा तेवढा पुढं. लोक पोट धरधरून हसले. तात्या फेट्यातला कडबा काढत शांतपणे म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मी उलटा बसून जातो वरकुट्याला."

मी हसायला तोंड उघडलं आणि त्यांचा चेहरा पाहून मिटलं. माणूस खरंच गेला असता. आठवा लागायला आता थोडेच दिवस उरले होते. मिस्त्रीनं कान धरले आणि सगळं पुन्हा उघडलं.

शेवटी आम्ही निघालो. दरडीवर मोटार मागं घसरलीच तर चाकाला लावायला म्हणून मी धोंडा घेऊन पायी मागं. पण ती घसरली नाही. घुरघुरत, हात-हातभर करत वर चढली. वरची माणसं ओरडली, मी धोंडा कवटाळून तसाच उभा. तात्या खेकसले, "आता टाक की त्यो धोंडा! हुंड्यात मिळाल्यावानी काय धरलाय?"

येताना हौसा तात्यांशेजारी, अंगाखाली दोन उश्या, आणि मी डिकीत. खड्डा दिसला की तात्या मोटार थांबवत, उतरून बघत आणि मग चाक कडेनं काढत. भोपळ्यातली चाकं बदलल्यापासून वेगाचा काटा आहे त्यापेक्षा जास्तच दाखवी. तरीही तो विसाच्या वर गेला नाही. एसटी पुढं गेली. सायकलवाला पुढं गेला. शेवटी उसाची एक बैलगाडीसुद्धा पुढं गेली आणि गाडीवान हसून म्हणाला, "तात्या, ढकलू का?"

"जा बाबा," तात्या म्हणाले, "तू हो म्होरं."



दारात मोटार थांबली तेव्हा हौसाचं डोकं तात्यांच्या खांद्यावर होतं, डोळे मिटलेले. तात्यांनी आत्याबाईंना हातानंच दम धरायला सांगितलं आणि मान न वळवता हळू आवाजात मला म्हणाले, "गनपत, त्या खेपेला काय झालं ठावं हाय? मी ओढ्यात हार्न वाजवत बसलो हुतो. इतका येळ का लावत्यात म्हनून. मला थांबायची सवंच न्हवती. त्यो हार्न ऐकून गाडीवानानं बैलं पळवली. ते लेकरू मी मारलं."

 डिकीतून उतरायला टाकलेला पाय मी परत आत घेतला.

हौसानं डोळे उघडले नाहीत. "त्यानं न्हाय पळवली, तात्या," ती म्हणाली. "त्यो बिचारा हळूच चालला हुता. तुमचा हार्न ऐकला आन् मलाच दम निघंना. मीच म्हनलं, पळीव, माजा तात्या आलाय. तुमाला सांगायचा आजवर धीर झाला न्हाय."

आत्याबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन पायरीवर उभ्या होत्या. पण मोटारीतून कुणी उतरेना.