कांबळेकाकांची चंपा

सापाच्या पिल्लांच्या बारशाला मी एकाच घरी जेवलोय. मिशिगनमधल्या नोव्हाय गावी, कांबळेकाकांकडे. काका मोटारींच्या ब्रेकचे इंजिनियर, त्यामुळे बाळांची नावं पिस्टन, गॅस्केट आणि क्लच. पाहुण्यांना घुगऱ्या, बाळांना फ्रीजरमधले इवलेसे उंदीर. "ताटं बदलू नका रे," काका बजावत फिरत होते.

पिल्लांची आई चंपा. हॉगनोज जातीची, डुकरासारखं वर वळलेलं नाक. परक्याचा हात लागला की पाठीवर पडायची, तोंड वासायची, जीभ बाहेर टाकायची आणि मरायची. इतकी सुरेख मरायची, की मी दोनदा खांदा द्यायला पुढे झालो होतो. सुलटी करून ठेवली, तर चटकन पुन्हा उताणी. मेलेल्यानं कसं पडावं याबद्दल तिची मतं पक्की होती.

काकांच्या हातात मात्र ती कधीच मेली नाही. "घरच्या माणसासमोर कशाला मरेल?" म्हणताना काकांची छाती अशी फुगायची, की शर्टाची बटणं थेट डेट्रॉइटला जाऊन पडावीत.

नागपंचमीला देशपांडेकाकू वाटीभर दूध घेऊन आल्या. वर त्यांच्या यजमानांनी नाकातून पुंगी वाजवली.

"साप दूध पीत नाही, वहिनी. चहा टाकतो त्याचा. आणि देशपांडे, सापाला कान नसतात. पुंगीवाला हलतो म्हणून तो डोलतो. इंजिनियर ना यार तुम्ही?"

काकांचं हे कानांचं व्याख्यान मिशिगनमधल्या प्रत्येक मराठी माणसाला पाठ होतं.

चंपा खरी सुजाताची, काकांच्या मुलीची. शाळेत असताना हट्टानं आणलेली. कांबळेकाकू गेल्यावर घरात बापलेक दोघंच. मग सुजाताही कॅलिफोर्नियाला शिकायला गेली. दर रविवारी फोन यायचा. "हाय डॅड, हाऊ इज चंपा?" की काका सुरू: वजन, कात, भूक. स्वतःबद्दल दोनच शब्द, "मी मजेत."

त्या वर्षी सुजाताला नोकरी लागली, अपार्टमेंट मिळालं. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत ती चंपाला न्यायला आली. काकांनी प्रवासाच्या डब्यात स्वतःचा मफलर अंथरला होता. आता रविवारी फोनवर बोलणार काय, हे मी विचारलं नाही.

सुजातानं काचेच्या पेटीत हात घातला. चंपा जागच्या जागी मेली. जीभबीभ बाहेर टाकून, साग्रसंगीत.

"डॅड, शी डझंट नो मी एनीमोर," सुजाता म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

काकांनी चंपाला अलगद उचललं. ती लगेच जिवंत होऊन त्यांच्या मनगटाला वेटोळं घालून बसली. एरवी काकांनी ही फुशारकी महिनाभर पुरवली असती. त्या दिवशी ते मफलरची घडी घालत राहिले.

"तुझा आवाज विसरली असेल गं," ते म्हणाले. "राहू दे इथेच. रविवारी फोन करत जा. मी रिसीव्हर पेटीला लावून धरीन. ओळख राहील."



कानांचं व्याख्यान सुजाता लहानपणापासून ऐकत आली होती. ती बापाकडे बघत राहिली.

"ओके, डॅड," ती म्हणाली. "एव्हरी संडे."