बादलीभर निरोप

"पेलाभर पाण्याने काय होणार?" वुकित्साने विचारलं आणि नवऱ्याच्या उत्तराची वाट न बघता बादली नळाखाली लावली.

प्रवासाला निघालेल्या माणसाच्या मागे पाणी ओतलं की त्याची वाट पाण्यासारखी सुरळीत होते, हे सर्बियातल्या निश गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. नेदाच्या प्रत्येक परीक्षेला वुकित्साने बाल्कनीतून पेलाभर पाणी ओतलं होतं आणि पोरगी कधी नापास झाली नव्हती. पण आता नेदा अख्खं सत्र व्हिएन्नाच्या कॉलेजात शिकायला चालली होती. तिथे पेला पुरला नसता.

"अर्धं व्हिएन्ना आपल्याच लोकांनी भरलंय," रादोये म्हणाला. "पोरगी काही चंद्रावर नाही चालली."

"मग रात्रभर कूस कोण बदलत होतं?"

रादोये ओव्हनमध्ये भाजत ठेवलेल्या लाल मिरच्या बघायला गेला.

वुकित्सा गेले तीन आठवडे रडत होती. स्वेटर घडी करताना रडली, मोजे मोजताना रडली. शेवटी नेदा काकुळतीला आली. "आई, खाली येऊन रडू नकोस गं. सगळी बिल्डिंग खिडक्यांत उभी राहते." म्हणून निरोप तिसऱ्या मजल्यावरूनच द्यायचा ठरला.

खाली पहिल्या मजल्यावरचे मोमिरकाका आपली जुनी झास्तावा गाडी पुसत उभे होते. नेदाला बारा वाजताच्या बसला तेच सोडणार होते. खरं तर दोन घरांतल्या बायका चार वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. वुकित्साच्या ओल्या चादरीचं पाणी मोमिरकाकांच्या बायकोच्या, रुझाच्या, वाळलेल्या कपड्यांवर गळलं, तेव्हापासून. नवऱ्यांनी मात्र ते भांडण आपल्या अंगाला लावून घेतलं नव्हतं.

बॅग डिकीत मावेना. "काका, एवढं धरा. व्हिसा आहे यात," म्हणत नेदाने पासपोर्ट त्यांच्या हातात दिला आणि ती डिकीत कंबरेपर्यंत वाकली. वर वुकित्साच्या डोळ्यांना धारा लागलेल्या. तिला खाली काळ्या कोटातलं कुणीतरी उभं असलेलं दिसलं; नेदाचा कोटही काळाच होता. "सुखाने जा गं माझे बाई!" असं म्हणून तिने बादली पालथी केली.

मोमिरकाकांच्या तोंडातली सिगारेट विझली. त्यांनी आधी वर पाहिलं, मग हातातल्या निथळत्या पासपोर्टकडे.

"ही चादरवालीच ना?" त्यांनी शांतपणे विचारलं. पासपोर्ट नेदाच्या हातात ठेवला आणि गाडीच्या किल्ल्या खिशात घेऊन ते घरी गेले. दार असं आपटलं की जिना हादरला.

गावात फुटबॉलचा सामना होता, टॅक्सी मिळेना. नेदा वर येऊन फोनवर फोन लावत होती, तेवढ्यात रादोयेने पासपोर्ट तिच्याकडून घेतला. "काळजी करू नकोस. ओव्हन गरमच आहे."

ती किंचाळत स्वयंपाकघरात पोचेपर्यंत पासपोर्ट मिरच्यांच्या शेजारी पावासारखा फुगला होता.

"बाबा! तुम्ही भाजलात तो!"

"वाळवला," रादोये म्हणाला आणि त्याने ट्रे बाहेर ओढला.

व्हिसाचं पान कडेने तपकिरी झालं होतं, अक्षरं मात्र शाबूत होती. सीमेवर चालेल की नाही, देव जाणे. आणि बस तर गाठायला हवी!

"आई, खाली जा. माफी माग."

"त्या रुझाची?"

"आई, मला जायचंय."

वुकित्सा सपाता फटफटवत खाली गेली. दार रुझानेच उघडलं. "काय गं, चादर पुरेना म्हणून आता बादली?"

माफी मागायला वुकित्साने तोंड उघडलं आणि त्यातून फक्त हुंदका बाहेर आला. मागोमाग दुसरा. रुझा बघत राहिली. तिचा मुलगा मिलोराद टोरांटोला गेला त्याला सहा वर्षं झाली होती, आणि त्याचा फोन फक्त रविवारी यायचा.

"ये आत," ती म्हणाली. मग मागे वळून ओरडली, "मोमिर! कोरडा शर्ट घाल आणि पोरीला पोचव!"

"पण ही बाई..."

"ही बाई म्हणू नकोस तिला! जा!"

मोमिरकाका ओल्या पँटनेच गाडी चालवायला बसले, मागे रादोये आणि नेदा. वाटेतले तीन लाल दिवे त्यांनी पाहिलेच नाहीत. स्टँडवर बस मागे वळतच होती. त्यांनी झास्तावा सरळ तिच्या आडवी घातली.

"म्हाताऱ्या, मरायचंय का?" बसचा ड्रायव्हर ओरडला.

"नाही, हिला व्हिएन्नाला जायचंय!"

ड्रायव्हरने पासपोर्ट उलटसुलट केला, वास घेतला. "मिरच्या?"

"हो," नेदा खाली मान घालून म्हणाली.

"चढ. पुढचं तुझं नशीब."

बापाने घाईत तिच्या कपाळावर ओठ टेकवले, आणि बस सुटली. गाव मागे पडल्यावर नेदाला एकदम आठवलं, या सगळ्या गडबडीत आईचा निरोप घ्यायचा राहूनच गेला. तिने फोन लावला. आई रडेल तेव्हा काय काय बोलून समजूत घालायची, ते मनात जुळवूनही ठेवलं. पलीकडून चमचे वाजल्याचा आणि हसण्याचा आवाज आला.

"आई, मी निघाले गं."

"कुठे? अगंबाई, बस सुटलीसुद्धा? आम्ही दुसरी कॉफी टाकलीय. चार वर्षांत काय काय झालंय तुला सांगते... थांब, रुझा बोलतेय. पोचलीस की कळव हं!"

फोन बंद झाला. नेदा जी रडायला लागली, ती बेलग्रेड आलं तरी थांबेना. शेजारच्या आजोबांनी तिला आधी रुमाल दिला, मग अर्धा पाव.

हंगेरीच्या सीमेवरच्या अधिकाऱ्याने फुगलेला पासपोर्ट दोन बोटांत धरला. "याला काय झालं?" त्याने मोडक्यातोडक्या सर्बियनमध्ये विचारलं.

"आईने भिजवला. बाबांनी भाजला."

त्याने व्हिसाचं पान उजेडात धरलं, बराच वेळ वाचलं. मग तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बोट केलं. "आणि याला?"

"आई रडलीच नाही," नेदा म्हणाली आणि पुन्हा हुंदके द्यायला लागली.

अधिकाऱ्याने घाईघाईने शिक्का मारला.