बिनहाडी फौजेची दर्यावरील स्वारी

श्रीदर्यादेव प्रसन्न असो. शके सत्राशें तेवीस, दुर्मतिनाम संवत्सर, आषाढमास. राज्याचें नांव लिहावयाची आज्ञा नाहीं, सबब लिहीत नाहीं. तेथें खाडीचे मुखीं कोळीवाडा होता आणि त्याचे मुख्य जोमाजी नाखवा, मोठे मर्दाने पुरुष, आणि त्यांची स्त्री हंसाबाई. बाईंनीं वर्षभर बसोन थोरलें जाळें विणिलें होतें. तें जाळें म्हणजे अवघ्या वाड्याचें हिवाळ्याचें अन्न; दुसरें नव्हतें. त्या सालीं पाऊस आरंभींच ऐसा कोसळला कीं शेतांतील खत, गाळ अवघा धुवोन खाडींत आला, आणि मग पाऊस गेला तो गेलाच, आणि वारा पडला, आणि दर्या कोमट होवोन ताटांतल्या पेजेसारखा निश्चळ राहिला. पाणी हिरवें जाहलें, आणि त्या हिरव्यावर बारीक किडे मातले, आणि किड्यांवर तारली मासळी मातली. अहाहा, काय ती तारली! आतां रिवाज ऐसा कीं नारळी पुनवेस दर्यास नारळ अर्पिल्यावांचून होडी लोटूं नये. परंतु नाखव्यांस धीर कोठला? बोलिले, "पुनवेपर्यंत कोण थांबतो? दर्या शांत, मासळी दारात. लोटा रे!" हंसाबाई आडव्या जाहल्या, "अवो नाखवा, मासळीच्या पोटात गाबोळी आहे, अंडी भरलीत. निदान माझं जाळं तरी ठेवा!" नाखवे हंसले आणि जाळें उचलोन गेले.

मग काय वर्णावें! तारली इतकी मारिली कीं कुत्रीं देखील खावोन कंटाळलीं. परंतु तारली सरली आणि तिचें खाणें, ते बारीक किडे, तैसेच राहिले, आणि तें आयतें ताट पाहोन धक्क्याचे दगडांस खालून चिकटलेलीं जेलीमाशांचीं पिल्लें सुटलीं. हाड नाहीं, डोकें नाहीं, सेनापती नाहीं, आणि तरी फौज आली! आज शेंकडा, उद्यां लाख, वल्हें पाण्यांत रुतूं लागलें! नाखव्यांस वीरश्री चढली. "हाणा! कापा!" म्हणोन कोयते घेवोन तुटोन पडले, आणि हातांस ऐसी आग जाहली कीं भले भले बोंबलत परतले, आणि कापिल्यांचीं अंडीं पाण्यांत सांडलीं तीं निराळींच. शेवटीं थोरलें जाळें टाकिलें. तें लिबलिबीत ओझें भरलें, आणि ओढितां टर्रकन फाटोन चिंध्या जाहल्या. किनाऱ्यावरोन हंसाबाई ओरडल्या, "गेलं! माझं जाळं गेलं!"

आश्विनांत उत्तरेचा वारा सुटला, पाणी निवळलें, किडे सरले, आणि फौज उपाशी मरोन विरघळली. नाखव्यांनीं ढोल वाजविले, "फत्ते झाली!" हंसाबाईंनीं जाळ्याची चिंधी पुढें केली आणि बोलिल्या, "झाली ना फत्ते? मग आता आणा मासळी, ह्यात." ढोल थांबले. तो हिवाळा वाड्यानें कण्या खाल्ल्या, आणि नाखवे बायकोशेजारीं बसोन गांठ मारावयास शिकले.

आतां इतुकेंच लिहिणें राहिलें. पुढील सालीं पुन्हां तैसाच पाऊस, तैसाच निश्चळ दर्या, तारली दारांत! लोक धांवत आले, "नाखवा, लोटायची ना?" नाखवे धक्क्यावर नारळ मांडीवर घेवोन बसले होते. खालीं दगडांस त्यांनींच कापोन पेरिलेलीं पिल्लें चिकटलीं होतीं. लोकांस बोलिले, "बसा गप. त्यांचं जेवण तारलीला खाऊ द्या."