थोरल्या कार्डाची रुंद बस

"कार्ड मीच आणतो," असं मी फोनवर म्हणालो आणि तिथेच सगळं बिनसलं. (मी फारसं बोलत नाही. जे थोडं बोलतो, त्यातलं बरंचसं बोलायला नको होतं, हे नंतर कळतं.)

मी सुतार आहे. आठवीत शाळेने मला सोडलं की मी शाळेला, यावर अजून दोन्ही बाजूंचं एकमत नाही. बायको मात्र शिकलेली. ती कॉम्प्युटरवर स्वयंपाकघरांची चित्रं काढते, आणि ती इतकी खरी दिसतात की आत शिरून एखादा डबा उघडावासा वाटतो. एका मोठ्या फर्निचर कंपनीने तिच्याकडून एक नमुना मागवला होता. पसंत पडला तर घरी बसून कायमचं काम. सोमवारी सकाळी पाठवायचा होता. आणि नेमक्या त्याच आठवड्यात तिच्या पडद्यावर हिरव्या-गुलाबी रेघा नाचायला लागल्या.

"ग्राफिक्स कार्ड गेलं वाटतं," ती फोनवर म्हणाली. मी कारखान्यात होतो आणि मागे आमचे मिस्त्री करवतीच्या मशीनवर फळ्या कापत होते. "दोन कार्डांची नावं पाठवलीत. माझं काम दोन्हींवर होईल, त्यातलं कुठलंही आणा. फक्त बस..." घर्रर्र! "...बघा. तेच महत्त्वाचं."

"काय बघू?"

"अहो, बस..." घर्रर्र! "...बघा!"

"बघतो," मी म्हणालो. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली. तिच्या कॉम्प्युटरच्या कामात तिने मला आजवर एवढंच विचारलं होतं, "अहो, जरा पाय उचलता का? वायर अडकलीय." आज तिने विश्वासाने काहीतरी सोपवलं होतं. ते चोख करून दाखवायचं आणि तिच्याशी तिच्या भाषेत दोन वाक्यं बोलायची, असं मी मनाशी ठरवलं.

दुकानात गेल्या गेल्या मी दोन्ही कार्डांची नावं दाखवून विचारलं, "यांना बस असते का हो?"

दुकानदाराने चष्मा वर केला. "मेमरी बस? असते ना! बस विचारणारं गिऱ्हाईक फार दिवसांनी आलं."

मी कोणाला तरी जाणकार वाटलो, असा माझ्या आयुष्यातला हा पहिलाच प्रसंग.

"बस म्हणजे गोदामाचं दार समजा," तो म्हणाला. "जेवढं रुंद, तेवढा माल एका वेळी आत-बाहेर. या कार्डाचं दार एकशे अठ्ठावीस बिट, त्या कार्डाचं दोनशे छप्पन्न."

दार म्हटल्यावर मला एकदम हुरूप आला. दारांशी माझं रोजचं बोलणं आहे. पहिल्याला मी धाकटं म्हणायला लागलो आणि दुसऱ्याला थोरलं. कारखान्यात परत येऊन प्लायवूडच्या एका तुकड्यावर पेन्सिलीने दोघांचं सगळं लिहून काढलं. धाकट्याची मेमरी आठ, थोरल्याची सोळा. धाकट्याला पंखे दोन, थोरल्याला तीन. धाकटं वीज बेताने खाणार, थोरलं जवळजवळ दुप्पट. मग 'सैद्धांतिक कामगिरी' असं एक प्रकरण होतं. धाकटं सेकंदाला पंधरा लाख कोटी हिशेब करणार आणि थोरलं बावीस लाख कोटी. (मला बावीस खिळे मोजायला सांगितले तर एकवीस किंवा तेवीस भरतात.)

सैद्धांतिक म्हणजे काय, ते मी दुकानदाराला फोन करून विचारलं.

"म्हणजे कागदावर."

"आणि प्रत्यक्षात?"

"ते घरी नेल्यावर कळतं."

मला हे लगेच पटलं. लग्न ठरताना मीही कागदावर बरा होतो.

तो प्लायवूडचा तुकडा मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी ड्रॉवरच्या तळाला ठोकून टाकला. पण तोवर माझं सगळं पाठ झालं होतं. घरी अंघोळ करताना मी ते घोकत होतो. बाहेर सासूबाई होत्या. त्या महिनाभर राहायला आल्या होत्या.

"जावईबापू, कसली बस म्हणताय?" त्यांनी दाराबाहेरून विचारलं.

"थोरल्याची बस! धाकट्यापेक्षा दुप्पट रुंद आहे!"

"एवढी रुंद? मग आपल्या गल्लीत वळेल का?"

मी आतल्या आत हसलो. (त्या घरात अक्कल असलेला प्रश्न तेवढा एकच विचारला गेला होता, आणि त्याला मी हसलो.)

"सांगितलं ते बघितलंत ना?" बायकोने रात्री जेवताना विचारलं.

"सगळ्यात आधी तेच बघितलं."

"शाबास," ती म्हणाली, आणि मी एक पोळी जास्त खाल्ली.

शनिवारी संध्याकाळी मी थोरलं घेऊन आलो. खोकं बघून सासूबाई म्हणाल्या, "मिक्सर आणलात का?" मी बायकोसमोर उभा राहिलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "दोनशे छप्पन्न बिट मेमरी बस. सैद्धांतिक कामगिरी बावीस टेराफ्लॉप. अर्थात, कागदावर."

बायको माझ्याकडे बघतच राहिली. तशी ती माझ्याकडे लग्नाच्या फोटोतसुद्धा बघत नाहीये. "तुम्ही हे सगळं शिकलात? माझ्यासाठी?"

माझे कान गरम झाले. तो क्षण फ्रेम करून भिंतीवर लावण्यासारखा होता. पण तिने खोकं फोडलं आणि कॉम्प्युटरचा डबा टेबलाखालच्या कप्प्यातून ओढून काढला. (ते टेबल मीच केलेलं, त्याच आठवड्यात बसवलेलं. कप्पा डब्याच्या मापाचा, केसभर फट नाही.) तिने जुनं कार्ड काढलं आणि थोरलं आत धरलं. मग तिरकं धरलं. मग उलटं.

"अहो, हे बसत नाहीये."

"बस आहे की! दोनशे छप्पन्न!"

"बस नव्हे हो! बस... त... नाही! दोन बोटं लांब आहे! मी फोनवर काय सांगितलं होतं? बसतंय का बघा!"

करवतीने त्यातलं 'तंय का' कापलं होतं.

"दिवसभर दुसरं काय बोलता तुम्ही?" ती रडवेली झाली. "दार बसतंय का, बिजागरी बसतेय का, कडी बसतेय का! आणि माझ्याच वेळी तुम्हाला बस दिसली?"

"मी म्हटलं होतं, गल्लीत वळायची नाही," सासूबाई म्हणाल्या.

दुकानाला कुलूप लागलेलं. रविवारी ते उघडत नाही. सोमवारी सकाळी नमुना. मी हळूच करवत आणायला उठलो. डब्याची एक बाजू कापली तर...

"हात लावू नका! गप बसा!"

हे 'बसा' मात्र मला अगदी स्वच्छ ऐकू आलं. मी बसलो.

तिने डोळे पुसले, जुनं कार्ड परत लावलं, डबा तिथेच जमिनीवर ठेवून पडद्याची केबल जोडली. रेघांच्या आडून जमेल तेवढं काम करू, म्हणाली. बटण दाबलं. पडद्यावर अर्धवट स्वयंपाकघर उमटलं. लख्ख. एकही रेघ नाही.

मग तिने डबा उचलून कप्प्यात सरकवला. रेघा. बाहेर काढला. लख्ख. कप्प्याची मागची फळी केबलचं टोक दाबून तिरकं करत होती.

"रेघा कधीपासून यायला लागल्या?" तिने स्वतःलाच विचारलं आणि माझ्या टेबलाकडे बघितलं. मीही बघितलं. फार सुबक दिसत होतं.

रविवारभर डबा जमिनीवर ठेवून तिने काम पुरं केलं. मी त्या कप्प्याची मागची फळी काढली आणि एरवी सांगितलं तिथे बसलो. नमुना वेळेवर गेला. गुरुवारी कंपनीचा फोन आला, तेव्हा मी दाराआड श्वास रोखून उभा होतो.

"मिळालं!" ती ओरडली. "आणि त्यांना एक गोष्ट खास आवडली. माझ्या प्रत्येक कप्प्यामागे वायरीसाठी दोन बोटं मोकळी जागा सोडलेली आहे. म्हणाले, एवढं बारकं कोणाला सुचत नाही. कुठे शिकलात?"

माझी छाती भरून आली. "मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, आमच्या घरी एक सुतार आहेत." ती हसली. "ते जसं करतात, त्याच्या बरोब्बर उलट केलं."