एलरॉय पुढे, आर्डिस मागे

मोटारसायकलच्या बाबतीत मला कुणी काही शिकवू नये! चाळीस वर्षं मी मागच्या सीटवरून इंजिन ऐकलं आहे आणि गेली पाच वर्षं पुढच्या सीटवरून. डॉक्टरला नळी लावून जे ऐकावं लागतं ते मला नुसतं बसल्या जागी कळतं, आणि तेही खालून!

गाडी एलरॉयची, म्हणजे पाच वर्षांपूर्वी गेलेल्या माझ्या नवऱ्याची. विस्कॉन्सिनमधल्या आमच्या गावाबाहेर तळ्याच्या काठाकाठाने एक रस्ता जातो. मे महिन्यात तिथे धुकं असं पसरतं, की रस्ता कुठे संपला आणि पाणी कुठे सुरू झालं ते कळू नये. त्या रस्त्यावर एलरॉयच्या पाठीला गाल टेकून मी कितीदा झोपले असेन! त्याच्या चामडी जाकिटाला पेपरमिंटच्या गोळ्यांचा वास यायचा. मध्येच कुठे गाडी थांबली की डोळे न उघडताच मी ऐकायचे : 'पोटॅटो-पोटॅटो-पोटॅटो.' दोन सिलिंडरच्या आमच्या गाड्या उभ्या उभ्या हेच पुटपुटतात. गाडीची तब्येत ओळखायची ती या बटाट्यांवरून.

यंदा जुने सायलेन्सर गंजून गळून पडले. नवे बसवले, तर इंजिन म्हाताऱ्यासारखं ठसकायला लागलं. नव्या सायलेन्सरांना पेट्रोलचं मापही नवं लागतं. मी म्हटलं, त्यात काय! ट्यूनिंगची डबी मागवू आणि घरीच बसवू!

हे ऐकून माझा धाकटा दीर नॉर्बर्ट हसला. वय एकाहत्तर. पाना मागितला की आधी उपदेश देतो, मग पाना.

"आर्डिस, आता कशाला हे उद्योग? गाडी मला देऊन टाक आणि तू आपली माझ्या मागे बस. सवयीची जागा!"

"मागे बसायला मी काय सामानाची पेटी आहे?"

"रविवारी चर्चच्या अंगणात गाड्यांना आशीर्वाद द्यायचे आहेत. फादर कुबियाकसमोर बंद पडली म्हणजे?"

"बंद पडली तर गाडी तुझी! वर जन्मभर तुझ्या मागे बसेन!"

जिभेला देवाने दातांचं कुंपण दिलं आहे, पण माझं फाटक कायम उघडं.

शुक्रवारी डबी आली. काळी, साबणाच्या वडीएवढी. सोबत दोन ऑक्सिजन सेन्सर. सेन्सर म्हणजे नाकंच. एक पुढच्या सिलिंडरच्या पाइपात बसवायचं, एक मागच्या. नाक धूर हुंगतं आणि डबीला कळवतं, 'ह्याला पेट्रोल कमी पडतंय, त्याला जास्त होतंय.' डबी त्याप्रमाणे ताटात वाढावं तसं पेट्रोल वाढते. शिवाय गाडी जितकी चालवावी तितकी डबी शिकत जाते म्हणे. नवऱ्यांपेक्षा बरी!

माझे गुडघे वाकत नाहीत, म्हणून नॉर्बर्ट जमिनीवर आडवा झाला आणि सेन्सर पाइपांत बसवायला लागला. मी स्टुलावर बसून सीटखालच्या डबीला त्या सेन्सरांच्या वायरी जोडल्या. वायरी जुळ्या बहिणींसारख्या. घोटाळा नको म्हणून मी आधीच प्रत्येकीला चिकटपट्टी लावून नावं लिहून ठेवली होती. पुढचं-मागचं असं आमच्या गॅरेजात कधी कुणी म्हटलंच नाही. एलरॉय पुढच्या सिलिंडरला 'एलरॉय' म्हणायचा आणि मागच्याला 'आर्डिस'. स्पार्क प्लगच्या खोक्यांवरही हीच नावं. नॉर्बर्टलाही ती पाठ. मग चूक होईलच कशी?

शनिवारी सकाळी गाडी सुरू केली.

"पो... टॅ... फट्!"

"शिकतेय अजून," नॉर्बर्ट म्हणाला. "पहिलीतल्या पोराला लगेच पाढे येतात का? फिरवून आण."

पाच मैल फिरवली. ठसका होता तिथे आता डांग्या खोकला झाला. दहा मैल फिरवली. एका पाइपातून काळा धूर, दुसऱ्यातून फटाके! श्रोडरच्या कुरणातल्या गाई चरायच्या थांबल्या आणि माझ्याकडे अशा बघायला लागल्या, की मलाच ओशाळल्यासारखं झालं. जितकं शिकावं तितकं बिघडावं, अशी विद्यार्थिनी मी शाळेतही पाहिली नव्हती!

"किल्ली कुठल्या खिशात ठेवतेस?" नॉर्बर्टने सहज विचारलं.

"तुझ्या खिशात जाणार नाही अशा!"

रात्री मात्र डोळा लागला नाही. एलरॉयची गाडी नॉर्बर्टच्या अंगणात उभी आहे आणि मी सामानाच्या पेटीसारखी मागे बांधलेली आहे, असंच दिसत राहिलं.

रविवारी प्रार्थनेनंतर अंगणात साठ गाड्या इंजिनं चालू ठेवून रांगेत उभ्या. एका बाजूला सॉसेज भाजली जात होती, टेबलावर बटाट्याच्या सॅलडचं मोठं पातेलं होतं. फादर कुबियाक पवित्र पाण्याची छोटी बादली आणि शिंपडायचा कुंचला घेऊन एकेका गाडीपाशी थांबत माझ्याकडे आले. मी श्वास रोखला. गाडीनेही रोखला असावा, कारण पुढच्या क्षणी तिने तो एकदम सोडला.

फाड्!!

फादर उडाले, बादली उडाली आणि सगळं पवित्र पाणी सॅलडच्या पातेल्यात! आशीर्वाद मिळाला तो बटाट्यांना. माझी गाडी 'टो...' म्हणाली आणि बंद पडली.

नॉर्बर्टने हात पुढे केला. मी खिशातून किल्ली काढली. पाच वर्षांत ती इतकी जड कधी लागली नव्हती.

तेवढ्यात कुंचला उचलायला वाकलेल्या फादरनी विचारलं, "आर्डिस, मागच्या पाइपाच्या वायरीवर तुझं नाव कशाला?"

"मागच्या? छे! माझं नाव पुढच्यावर आहे."

"मागेच आहे," नॉर्बर्ट म्हणाला. "मी स्वतः बसवलंय. एलरॉय पुढे, आर्डिस मागे. सगळ्या जगाला माहीत आहे!"

"अरे, पण आता पुढे कोण बसतं? पाच वर्षं झाली, मी बसते! म्हणून पुढच्यावर माझं नाव लिहिलं."

"आणि मागच्यावर एलरॉयचं?"

"मग? आता तो दुसरीकडे कुठे बसणार?"

नॉर्बर्टचा पुढे केलेला हात हळूच खाली गेला. त्याने रुमाल काढून नाक शिंकरलं, आणि ते मागच्या पाइपासारखंच वाजलं.

म्हणजे त्याने जोडलं जुन्या रीतीने आणि मी नव्या! पुढचं सिलिंडर उपाशी, पेट्रोल मिळतंय मागच्याला. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला! सीटखालच्या दोन वायरींची अदलाबदल केली, कळ दाबून डबीला शनिवारचं सगळं शिक्षण विसरायला लावलं आणि गाडी सुरू केली.

पोटॅटो-पोटॅटो-पोटॅटो.

"बंद मात्र पडली होती," नॉर्बर्ट पुटपुटला. "फादरसमोर."

"माझा आशीर्वाद अजून झालाच कुठे? त्याआधीचं मोजायचं नाही," फादर म्हणाले. त्यांनी कुंचला सरळ सॅलडमध्ये बुडवला आणि माझ्या गाडीवर शिंपडला. हेडलाइटवर कांद्याचा एक तुकडा चिकटला, तो मी तसाच राहू दिला.

मी एकटीच तळ्याच्या रस्त्याला लागले. धुकं अजून विरलं नव्हतं. पाणी, रस्ता, आभाळ सगळं एकाच दुधात कालवलेलं. कुणीतरी माझ्या पाठीला गाल टेकून झोपलं आहे असं वाटलं, म्हणून मी वळणंसुद्धा हळू घेतली. किती शांत होतं! हळूहळू आणखी शांत झालं. मग एकदमच शांत.

पेट्रोल संपलं होतं! शनिवारी मागच्या सिलिंडरने दुप्पट ढोसलं होतं आणि काट्याकडे बघायचं भान मला कुठलं?

फोन केल्यावर वीस मिनिटांनी नॉर्बर्ट त्याच्या मोटारसायकलवर आला. सीटवर थोडा पुढे सरकला.

पैज मी जिंकले, गाडी माझीच राहिली, आणि घरी आले ती मागच्या सीटवर! त्याच्याही जाकिटाला पेपरमिंटचा वास येतो, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

मी वाटेत घोरत होते, असं तो गावभर सांगत सुटला आहे. साफ खोटं! त्याचा सायलेन्सर फाटला असेल. इंजिनाच्या आवाजातलं मला कुणी शिकवू नये.