सिद्रामप्पांची शाकाहारी बंदूक

सिद्रामप्पांकडे चहाला गेलं की कपाच्या आधी हातात बंदूक यायची. "धरा की, चावत न्हाय!" म्हणत अप्पा ती चार फुटी बंदूक पाहुण्याच्या मांडीवर आडवी ठेवायचे आणि स्टोव्हला पंप मारायला बसायचे. पाहुणा बिचारा चहा येईपर्यंत श्वास रोखून बसायचा.

अप्पांची आणि आमची भिंत एकच. सोलापुरात एका मिलच्या वर्कशॉपात जन्म काढून ते टर्नर म्हणून रिटायर झाले होते. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण, म्हणजे बोलण्यात हार जाणारी नव्हे. पण अप्पांपुढे मी हात टेकले होते.

बंदूक होती चकमकीची. चाप ओढला की घोड्याच्या तोंडातली गारगोटी पोलादावर आपटायची, ठिणगी पडायची आणि दारू पेटायची. आता तसल्या जुन्या बंदुका तोंडाकडून ठासायच्या असतात म्हणे. ही मागून भरायची! चापाभोवतीची पितळी कडी एक फेरा फिरवली की नळीतला जाडजूड स्क्रू खाली उतरायचा. वर भोक उघडं. त्यात आधी गोळी, मग दारू, आणि कडी उलटी फिरवली की भोक बंद.

"नोडप्पा," अप्पा बोट नाचवायचे. नोडप्पा म्हणजे कानडीत 'बघ बाबा'; समोर बाई असो की बुवा, ते नोडप्पाच म्हणायचे. "साध्या स्क्रूला आटा एक. त्यो धा फेरं मागतो. हितं धा आटं शेजारी-शेजारी पळत्यात, म्हणून एका फेऱ्यात काम! ज्यानं पयल्यांदा हे हातानं कापलं, त्याच्या पाया पडावं वाटतंय."

त्या स्क्रूला मेण आणि जनावराची चरबी लावावी, असं त्यांना कुणी जाणत्यानं सांगितलं होतं. अप्पा लिंगायत, गळ्यात लिंग. चरबीचं नाव काढताच त्यांनी कानांवर हात ठेवले. मेण आणि करडीचं तेल एवढ्यावरच ती बंदूक पोसली होती. सबंध जिल्ह्यात ही एकच शाकाहारी बंदूक असावी.

माझ्या धाकट्या बहिणीला बघायला दुधनीहून पाहुणे आले, ते दार चुकून अप्पांकडे शिरले. आम्ही इकडे पोहे गार करत बसलो आणि तिकडे अप्पा नवऱ्या मुलाला आटे समजावून सांगत होते. मुलगा शेवटी आला तो हाताला मेण माखून. बहिणीला त्यानं एकच प्रश्न विचारला, "ती बंदूक खरंच उडते का हो?" लग्न जमलं. पसंती नक्की कुणाला होती, ते आम्ही अजून विचारलेलं नाही.

पण बंदूक अप्पांची नव्हती. ती माळशिरसकडच्या दगडूतात्यांची. ऐन जवानीत दोघं मिलमध्ये एकाच लेथवर होते. मग तात्या गावी शेतीला परतले. त्यांच्या आजोबांची ही बंदूक, स्क्रू हरवलेली. "तेवढा करून दे की," म्हणून त्यांनी ती अप्पांकडे टाकली, त्याला अकरा वर्षं झाली होती.

आणि खंडेनवमीला घरातल्या शस्त्राची पूजा तर व्हायलाच हवी. शस्त्र सोलापुरात, म्हणून मालकही सोलापुरात! दरवर्षी तात्या एसटीनं यायचे, ऊस आणि झेंडूची फुलं घेऊन. दुष्काळाच्या साली ऊस नव्हता, तरी फुलं घेऊन आलेच. पूजा व्हायची, दोघं पुरणपोळी खायचे, दिवसभर भांडायचे. निघताना तात्या विचारायचे, "झाली का रं?"

अप्पा उदबत्ती पेटवून तोंडानं नळीत धूर फुंकायचे. मागं स्क्रूपाशी धुराची रेघ निघायची. "बघ, सैल हाय. उडवलीस तर डोळा जाईल. पुढल्या साली."

एकदा नवमीच्या आदल्या दिवशी मी साखर मागायला गेले, तर अप्पा एकटेच नळीत धूर फुंकत होते. मागं रेघभरही धूर नाही!

"अहो अप्पा, ही तर झालीय!"

"बाई, गप बसा की!" अप्पा चोरासारखे दचकले. कडी मुद्दाम पाव फेरा कमी फिरवायची, की धूर येतो, हे त्यांनीच कबूल केलं. अकरा वर्षांतली निदान आठ वर्षं हेच चाललं होतं. बंदूक गेली की तात्यांची नवमी गावीच व्हायची, हे मला तेव्हा उमगलं. मी साखर न घेताच परतले.

दुसऱ्या दिवशी तात्या आले ते जीपमधून, मुलाला घेऊन. मुलानं नवा बंगला बांधला होता आणि त्याला हॉलमध्ये बंदूक टांगायची होती. मी पोळ्यांना मदत म्हणून तिथंच होते. पूजा झाली. अप्पांनी उदबत्ती घेतली, धूर फुंकला, रेघ निघाली. मुलगा हुशार. "काका, कडी पुरती बसली न्हाय," म्हणत त्यानं ती स्वतः गच्च फिरवली. "आता फुंका."

अप्पांनी फुंकलं. धूर आला नाही.

"आयला, झाली की!" मुलगा खूश झाला. अप्पांनी मान खाली घातली.

तात्यांनी बंदूक हातात घेतली. कडी उघडली, मिटवली, आट्यांवरून अंगठा फिरवला. टर्नरचाच अंगठा तो. मग त्यांनी ती खाटेवर ठेवून दिली.

"खोट हाय हिच्यात."

"कुटं?" मुलगा वाकला.

"तुला दिसायची न्हाय. चल, गाडी काढ."

जीप गेली. मी डोळे पुसत होते आणि अप्पा नुसते धुमसत होते. "माझ्या कामात खोट? हा मिलमधनं पळालेला गडी मला खोट सांगतो? अय्यो, केसभर फट दाखव म्हणावं!" अकरा वर्षं स्वतःच्या तोंडानं खोट सांगणारा माणूस एका शब्दानं पेटला होता. मला हसू आवरेना.

बोलता-बोलता ते थांबले आणि खाटेच्या कडेला बसले.

"बाई, त्याला सगळं ठाव हाय की हो."

"असणारच. टर्नर आहेत तेही."

"वर्साकाठी गावाहून माझ्या दारात येणारा ह्यो एकच माणूस हाय, बाई," अप्पा म्हणाले. "आन् त्योबी माझ्यासाठी लबाड बोलतोय."